हेरकथेचा पहिला सीझन हातात हवा

'द फॅमिली मॅन'चा पहिला सीझन २० सप्टेंबर २०१९ रोजी आला. दहा भाग, राज आणि डीके यांचं दिग्दर्शन, मनोज वाजपेयींचा श्रीकांत तिवारी आणि शारिब हाश्मींचा जेके तळपदे. आपल्याकडच्या हेरमालिकांत या सीझनच्या तोडीचं फार थोडं झालं आहे, असं माझं ठाम मत आहे. तरीही तो डीव्हीडीच्या डबीत, फडताळात ठेवता येईल अशा रूपात विकायला आलेला माझ्या पाहण्यात नाही, आणि ही गोष्ट मला अजून सलते. जुनं ते सोनं म्हणत बसणाऱ्यांतला मी नाही. माझं म्हणणं एवढंच आहे की हेरकथा संशयावर जगते, हा संशय पहिल्या सीझनमध्ये सर्वांत ताजा असतो, आणि तो पारखून पाहायचा तर मालिका प्रेक्षकाच्या ताब्यात हवी. वाटेल तेव्हा मागं जाता आलं पाहिजे, एकच प्रसंग चारदा लावता आला पाहिजे, आणि दहा वर्षांनीही तो प्रसंग जसाच्या तसा सापडला पाहिजे. हे सगळं डीव्हीडीनं दिलं होतं.

पहिल्याच सीझनचं एवढं कौतुक का, तर तिथं कुणालाच अभय नसतं. दुसरा सीझन सुरू झाला की प्रेक्षकाला एक गोष्ट आधीच ठाऊक असते: नायक जगणार आहे, त्याच्या नावावर मालिका चालली आहे. कुणावर भरवसा ठेवायचा हेही त्यानं ठरवून टाकलेलं असतं. पहिल्या सीझनमध्ये मात्र पाहणारा आणि पडद्यावरचा हेर एकाच अंधारात चाचपडत असतात. बनवणाऱ्यांचीही तीच गत असते, कारण पुढचा सीझन मिळेल की नाही हे त्यांनाही माहीत नसतं. याचा सर्वांत चांगला पुरावा म्हणजे अमेरिकेतली 'ट्वेंटी फोर'. आपल्याकडे ती अनिल कपूर यांनी २०१३मध्ये हिंदीत आणली आणि दिग्दर्शनाची मुख्य धुरा आपल्या अभिनय देव यांच्याकडे होती, म्हणून मराठी घरांत नाव ओळखीचं आहे. मूळ मालिका नोव्हेंबर २००१ ते मे २००२ या काळात दर आठवड्याला एक भाग अशी दाखवली गेली. एक दिवस, चोवीस तास, चोवीस भाग. अध्यक्षपदाचा उमेदवार डेव्हिड पामर याच्या खुनाचा कट आणि तो उधळणारा जॅक बाऊर, एवढा मामला.

या मालिकेला सुरुवातीला फक्त तेरा भागांची मंजुरी होती. म्हणजे तेराव्या भागाला गाशा गुंडाळायची वेळ आली असती, तर गोष्ट तिथं संपल्यासारखी वाटली पाहिजे, अशी सोय लेखकांना करून ठेवावी लागली. डीव्हीडीवर सलग पाहताना हा सांधा उघड दिसतो. जॅकची बायको टेरी आणि मुलगी किम तेराव्या भागापर्यंत सुटतात, श्वास घ्यायला जागा मिळते, आणि मग नवा शत्रू, नवं वैर, टेरीचा स्मृतिभ्रंश असा दुसरा डाव मांडला जातो. स्मृतिभ्रंशाचा तो भाग तर उघड उघड वेळ काढण्यासाठी घातलेला आहे. आठवड्याच्या अंतरानं पाहणाऱ्याच्या हे ध्यानात येत नव्हतं. घड्याळाचंही तसंच. जाहिरातीच्या आधी पडद्यावर आकडे टिकटिकतात, आणि जाहिरातीनंतर तेच घड्याळ चार-पाच मिनिटं पुढं गेलेलं असतं. टीव्हीवर ती मिनिटं जाहिरातींनी भरली जात. डीव्हीडीवर जाहिराती नाहीत, त्यामुळे घड्याळ एकदम उडी मारतं आणि तासाचा भाग पाऊण तासाच्या आत संपतो. कुणाला यात रसभंग वाटेल. मला उलट वाटतं. हेरकथेत आपण सतत विचारत असतो की माझ्यापासून काय लपवलं जातंय. इथं तोच प्रश्न मालिकेलाच विचारता येतो, आणि त्याचं उत्तर डोळ्यांसमोर मिळतं.

'ट्वेंटी फोर'च्या डीव्हीडी-संचात एक पर्यायी शेवटही दिला होता. प्रसारित झालेल्या शेवटात जॅकला टेरी मेलेली सापडते, तीही त्याच्याच कचेरीत, त्याच्याच सहकारी नीनाच्या हातून. दुसऱ्या शेवटात ती जगते आणि कुटुंब एकत्र येतं. दोन्ही चित्रित केलेले. हे दोन शेवट एकामागोमाग पाहिले की कळतं, पहिल्या सीझनमध्ये नायकाच्या बायकोला मारणं ही केवढी हिंमत होती. सुखाचा शेवट तयार होता, हाताशी होता, आणि तो बाजूला ठेवला गेला. त्या निर्णयाचं वजन मला नुसत्या प्रसारणातून कधीच कळलं नसतं.

यावर नेहमीचा आक्षेप असा की फितूर कोण हे एकदा कळलं की हेरकथा संपली, मग ती जपून ठेवायची कशाला? नीनाच फितूर हे माहीत असताना चोवीस भाग पुन्हा कोण पाहील? माझा अनुभव उलटा आहे. दुसऱ्या वेळी नजर जॅकवर राहतच नाही, नीनावर जाते. ती फोन कुणाला करते, मदत करताना कुठं रेंगाळते, हे पाहू लागतो. आणि प्रामाणिकपणे सांगायचं तर काही प्रसंग जुळत नाहीत. तिचं वागणं फितुराचं वाटतच नाही. काहींच्या मते हा लेखनातला दोष आहे. असेलही. पण तो दोष सापडण्यासाठीसुद्धा मालिका हाताशी लागते. शिवाय जॉन ल कारे यांच्या कादंबरीवरची बीबीसीची 'टिंकर टेलर सोल्जर स्पाय' घ्या. १९७९ची, सात भागांची, अॅलेक गिनेस यांची. तिच्यातला फितूर कोण हे आज पुस्तक वाचलेल्या प्रत्येकाला माहीत आहे, तरी लोक ती पुन्हा पुन्हा पाहतात. कारण फितुराचं नाव कळलं तरी मित्रानं मित्राला का विकलं, हा प्रश्न उरतोच.

दुसरा आक्षेप अधिक वजनदार आहे. आता सगळं मोबाईलवर मिळतं, मग डबी कशाला? धाराशिवसारख्या जिल्ह्यात राहून मी हा आक्षेप उडवून लावू शकत नाही. परदेशी मालिकांचे खरे संच इथल्या बाजारात जवळजवळ कधीच पोचले नाहीत. ते महाग होते, आणि त्यांच्यावर प्रदेशाचं कुलूप असे: अमेरिकेतल्या डीव्हीडीचा प्रदेश क्रमांक एक, भारताचा पाच, त्यामुळे साध्या प्लेयरवर ती चालायचीच नाही. २००७च्या सुमारास मोझर बेअर या कंपनीनं सिनेमाची व्हीसीडी २८ रुपयांना आणि डीव्हीडी ३४ रुपयांना आणली, तेव्हा कुठं उमरगा, कळंब, परंड्याच्या माणसाला अस्सल माल परवडू लागला. तोवर भाड्याची सीडी किंवा चोरून काढलेली प्रत हाच मार्ग होता. भारनियमन तर पाचवीला पुजलेलं. लाईट गेली की गोष्ट अर्ध्यावर. पण लाईट आली की ती जिथं थांबली होती तिथून पुन्हा लावता येत होती. पुढं मोझर बेअरही दिवाळखोरीत गेली, प्लेयर दुरुस्त करणारेही कमी झाले. एवढ्या अडचणी असूनही मी डबीचीच बाजू घेतो, कारण मोबाईलवरची मालिका आपली नसते, पाहण्याची परवानगी फक्त आपली असते. जानेवारी २०२१मध्ये वादानंतर 'तांडव' या मालिकेतली दृश्यं काढली गेली. २०२४मध्ये कंदहार विमान अपहरणावरच्या मालिकेच्या सुरुवातीची सूचना वादानंतर बदलली. हे बदल योग्य की अयोग्य, हा वेगळा वाद आहे. मुद्दा एवढाच की आधी काय होतं हे प्रेक्षकाला आता ताडून पाहता येत नाही. ज्याच्या घरात डबी होती, त्याला ते करता आलं असतं.

हे सगळं मनोरंजनापुरतंच आहे असं कुणी म्हणेल, पण मला तसं वाटत नाही. 'द फॅमिली मॅन'च्या पहिल्या सीझनमध्ये करीम नावाचा एक काश्मिरी विद्यार्थी आहे. यंत्रणा त्याला अतिरेकी समजून मारते. तो अतिरेकी नव्हता. निषेध करायला निघालेला पोरगा होता. नंतर खरं कळूनही ते दाबलं जातं, आणि ज्याच्यावर आपण जीव लावलेला असतो तो श्रीकांतही त्यात सामील असतो. भाग पुढं सरकतात, कट उलगडतो, प्रेक्षक करीमला विसरू लागतो. मागं जाऊन तो प्रसंग पुन्हा लावला की मग श्रीकांतचा प्रत्येक विनोद वेगळा ऐकू येतो. यंत्रणेची चूक अशी दाबली जाते, हा धडा आपल्या धाराशिव जिल्ह्याला नवा नसावा. निजामाच्या पाठीराख्या रझाकारांचा पुढारी कासिम रझवी हा लातूरचा वकील, आणि लातूर तेव्हा याच जिल्ह्यात होतं. १९४७-४८मध्ये सोलापूरच्या हद्दीलगत स्वातंत्र्यसैनिकांचे कॅम्प होते, गावागावांतून बातम्या इकडून तिकडं जात होत्या, आणि हैदराबादच्या निजामासाठी कराचीहून विमानानं शस्त्रं आणणारा सिडनी कॉटन हा महायुद्धाआधी ब्रिटिश हेरखात्यासाठी आकाशातून गुपचूप छायाचित्रं काढणारा माणूस होता. सप्टेंबर १९४८मध्ये भारतीय सैन्य सोलापूरकडून निजामाच्या संस्थानात शिरलं, तेव्हा पहिली चकमक नळदुर्गला झाली आणि बोरी नदीवरचा पूल शाबूत हाती आला. रझाकारांचे अत्याचार घराघरांत सांगितले जातात, ते सांगितलेच पाहिजेत. पण या पोलीस कारवाईनंतर मुसलमानांवर जे गुदरलं, त्याची पाहणी करणाऱ्या पंडित सुंदरलाल समितीनं सर्वाधिक झळ बसलेल्या चार जिल्ह्यांत उस्मानाबादचं, म्हणजे आजच्या धाराशिवचं, नाव घेतलं, आणि तो अहवाल कित्येक दशकं प्रसिद्धच झाला नाही. दोन्ही गोष्टी एकाच मातीतल्या आहेत. म्हणून सरकारच्या गुप्त कामाचं नुसतं कौतुक करणारी मालिका मला पुरत नाही. शंका घ्यायला जागा ठेवणारी हवी. 'ट्वेंटी फोर'च्या पुढच्या सीझनांत छळ करून माहिती काढणं हे जणू रामबाण औषध झालं, आणि २००६मध्ये अमेरिकी लष्करी अकादमीचे एक अधिकारी निर्मात्यांना भेटून हे थांबवा म्हणून सांगायला गेले होते. पहिल्या सीझनमध्ये छळाला एवढी प्रतिष्ठा नव्हती. पुढं नायकाची खात्री वाढत गेली आणि आपली शंका मरत गेली.

इथं माझ्याच म्हणण्याला धक्का देणारी एक गोष्ट आहे, ती लपवणं बरं नाही. गोष्ट पुरी होणं हीही मी चांगल्या पहिल्या सीझनची खूण मानतो, आणि 'द फॅमिली मॅन' त्यात बसत नाही. त्याचा शेवट अर्धाच आहे: दिल्लीतला विषारी वायूचा हल्ला टळला की नाही, हे सांगितलंच जात नाही, आणि पुढचं जाणून घ्यायला जून २०२१ उजाडावा लागला. डबीत असा अर्धा शेवट आला असता तर मी चिडलो असतो. पण त्या पावणेदोन वर्षांत तो शेवट मनात जितका राहिला, तितका 'ट्वेंटी फोर'चा पुरा शेवटही राहिला नाही. दुसऱ्या सीझनमध्ये उत्तर चुटकीसरशी देऊन टाकलं, तेव्हा माझी निराशाच झाली. तेव्हा पूर्णतेचा माझा आग्रह थोडा सैल करावा लागतो. ताब्याचा आग्रह मात्र सोडवत नाही, उलट अर्धा शेवट असेल तर तो जास्तच लागू होतो. निर्मात्यांना माझं सांगणं आहे की चांगल्या हेरमालिकांचे निदान पहिले सीझन तरी विकत मिळू देत, वगळलेल्या दृश्यांसकट, चार पैसे जास्त घेऊन का होईना. आणि नळदुर्ग-बार्शीच्या हद्दीवरची १९४८ची गोष्ट कुणी मराठीत करायला घेतलीच, तर ती एकाच सीझनची करावी, दोन्ही बाजूंच्या खबऱ्यांची करावी, आणि कुणाला साधू ठरवायची घाई करू नये.