सूर्यास्ताआधीचा पेला

वैशाखात ठाणे सोडून लोकल खाडीपुलावर येते, तेव्हा उन्हे कलू लागलेली असतात. १८५४ पासून कल्याणपर्यंत जाणाऱ्या या लोहमार्गावर चौविहार पाळणारा प्रवासी घड्याळाइतकाच पश्चिमेकडेही पाहतो. मे महिन्यात सूर्य सातच्या सुमारास मावळतो.

डोंबिवलीच्या घरी टोक चाखून घेतलेली एक काकडी किसून, पिळून, गाळून ठेवलेली असते. त्या रसात उकळून निववलेले दोन पेले पाणी, सैंधव व जिरेपूड मिसळतात. आले कंद म्हणून वर्ज्य, बर्फही वर्ज्य. अर्धे लिंबू मात्र दारात पावले वाजल्यावरच पिळायचे.

गाडी मुंब्र्याला खोळंबली, तर लिंबू तसेच राहते आणि तहान सकाळच्या नवकारशीपर्यंत थांबते. वेळेत पोहोचलेल्याला त्या पेल्यात दिवसाचा शेवटचा गारवा लाभतो.