नान्नजच्या माळावर पहाटे

मंडळी, दिवसभर रानात राबणाऱ्याने वर आणखी धावायचे कशाला, असे तुम्ही म्हणाल. आमचा धाकटा पोलीस भरतीसाठी धावू लागला, त्याच्यामागे मीही निघालो. नान्नजच्या माळाकडेची गाडीवाट सपाट आहे. दम लागत नाही, कुसळे तेवढी पायजम्याला चिकटतात. दूर काळविटे माना वर करून पाहतात.

१९७९ साली इथे माळढोकाचे अभयारण्य झाले. हा पक्षी घरटे बांधत नाही. उघड्या जमिनीवर बहुधा एकच अंडे घालतो. ते तुडवले की त्या मादीचा हंगाम गेला! म्हणून पावसाळ्यात वाट सोडून गवतात शिरू नका, कुत्रेही बरोबर नेऊ नका. माळढोक आता क्वचितच दिसतो. पोरगा पुढे पळतो. मी मात्र मधूनमधून थांबून गवताकडे पाहतो.