दुसरा किपर

शनिवार, 6 फेब्रुवारी 2010
सीताबर्डीवर तर्री-पोहे खाऊन वर्धा रोडनं जामठ्याचं स्टेडियम गाठलं. लक्ष्मण अनफिट, त्यामुळे रोहित शर्मा आज पहिली कसोटी खेळणार अशी खात्री होती. नागपुरात जन्मलेला पोरगा नागपुरातच पदार्पण करणार, म्हणून आमच्या स्टँडात जरा जास्तच जोर. टॉसच्या आधी वॉर्मअपला फुटबॉल खेळताना त्याचा घोटा मुरगळला आणि सगळं मुसळ केरात. संघात गेला राखीव किपर, रिद्धिमान साहा. ग्लोव्ह्ज धोनीकडेच राहणार. साहा नुसता फलंदाज. शेजारचे काका भडकले, "दोन-दोन किपर घेऊन लोणचं घालता का बे?"

दक्षिण आफ्रिका 2 बाद 6 असताना काका खूश होते. संध्याकाळी धावफलकावर 2 बाद 291. आमला आणि कॅलिस अजून तिथेच.

रविवार, 7 फेब्रुवारी
सकाळी कॉलेजच्या पोरांचे नेट्स, म्हणून जामठ्याला दांडी. माझ्याकडेही दोन किपर आहेत. दुसरा आहे द्वितीय वर्षाला. वर्षभर पाण्याच्या बाटल्या नेतो, थ्रो-डाउन टाकतो, कुरकुर नाही. त्याला आज पॉइंटला उभं केलं. पाय झकास हलतात, चेंडूचा अंदाज बॅटवरूनच बांधतो. पण हात चुकतात. ग्लोव्ह्जची सवय असलेला माणूस चेंडू तळव्यात विसावू देतो. उघड्या हातांनी तसं केलं की चेंडू उडी मारून बाहेर. दोनदा अंगठ्यावर बसला. सीमारेषेवरून फेक तर विचारूच नका, किपरला साठ मीटर फेकायची वेळ येते कधी? स्लिपमध्ये मात्र तो पाच वर्षांपासून तिथेच राहत असल्यासारखा वाटला.

जामठ्यात त्यांनी 6 बाद 558 वर डाव सोडला. आमला नाबाद 253.

सोमवार, 8 फेब्रुवारी
सकाळी नऊला अमेरिकेहून भाच्याचा फोन. तिकडे सुपर बोल नुकताच संपला होता, न्यू ऑर्लिन्स जिंकलं. त्यांचा फुटबॉल मला कळत नाही, पण साहाचं सांगितल्यावर तो म्हणाला, "मामा, आमच्याकडे कॉलेजात हे नेहमीचंच." क्वार्टरबॅक म्हणजे चेंडू फेकणारा, संघाचा मेंदू. मैदानात एका वेळी सहसा एकच. दुसरा अंगानं चपळ असेल, तर त्याला बाकावर कुजवण्यापेक्षा चेंडू झेलणाऱ्यांत पाठवतात. अँटवान रँडल एल इंडियाना विद्यापीठाचा क्वार्टरबॅक. व्यावसायिक फुटबॉलमध्ये तो झेलणारा झाला. आणि 2006 च्या सुपर बोलमध्ये पिट्सबर्गनं ऐन मोक्याला त्याच्याच हातून पास फेकून घेतला, टचडाउन! जुनी विद्या अंगात असलेला माणूस दुसऱ्या जागी उभा असला की समोरच्याला त्याचा पत्ता लागत नाही.

मला मात्र त्यात आधीची मेहनत दिसली. त्याला आधी झेलायला शिकवलं असणार. आपण टॉसच्या तोंडावर बदली करतो.

दुपारनंतर स्टेननं जुना चेंडू असा काही वळवला की 4 बाद 221 वरून सर्वबाद 233. स्टेन 51 धावांत 7. साहानं एक चेंडू सोडून दिला, तो आत आला. शून्य. काकांनी माझ्याकडे बघितलं, मी संत्रं सोलत बसलो.

मंगळवार, 9 फेब्रुवारी
डाव आणि 6 धावांनी हरलो. सचिनचं शतक झालं. साहानं 36 काढल्या. परतताना बसमध्ये त्या छत्तीसचं नाव कुणी घेतलं नाही, शून्याचं सगळ्यांनी घेतलं.

त्याच मैदानावर दक्षिण आफ्रिकेचा डिव्हिलियर्सही होता. तोही किपर, 2004 मध्ये सलामीला पदार्पण आणि दुसऱ्याच कसोटीत ग्लोव्ह्ज. इथे किपिंग बाउचरकडे, डिव्हिलियर्स पाचव्या क्रमांकावर. त्याला कुणी राखीव म्हणत नाही. आणि बाउचरचं बोट मोडलं तर किपर संघातच तयार, कारण 2010 च्या नियमाप्रमाणे बदली खेळाडूला किपिंग करता येत नव्हतं. 2003 च्या विश्वचषकात द्रविडला ग्लोव्ह्ज देऊन आपण एक फलंदाज वाढवला होता, तोही हिशेबच. शनिवारी हिशेब नव्हता, घोटा मुरगळला होता.

गुरुवार, 11 फेब्रुवारी
आमचा सामना. दुसऱ्या किपरला घेतलं, सहाव्या क्रमांकावर आणि फक्त स्लिपमध्ये. कर्णधाराला बजावलं, काहीही झालं तरी याला सीमारेषेवर पाठवायचं नाही. दोन झेल घेतले, 11 धावा केल्या. सामना हरलो. त्याला पुढच्याही सामन्यात घेणार आहे.

मंगळवार, 24 जानेवारी 2012
पहाटे साडेपाचला टीव्ही लावला. ॲडलेड. षटकांची गती मंद राखल्याबद्दल धोनीवर एका कसोटीची बंदी, म्हणून साहा खेळतोय. जामठ्यानंतर जवळजवळ दोन वर्षांनी दुसरी कसोटी. मधे कसोटीत पोराला संधीच नाही.

पाँटिंग आणि क्लार्क दिवसभर झोडपत राहिले, 3 बाद 335. साहा प्रत्येक चेंडूला खाली बसला, उठला. या वेळी ग्लोव्ह्ज त्याच्या हातात होते.