सांगून विझणारी बॅटरी

आधी एक खुलासा. आमच्या सोनईत टॉर्चला टॉर्च कोणी म्हणत नाही आणि 'विजेरी' फक्त मराठीच्या पेपरात भेटते. आमच्याकडे ती 'बॅटरी', आणि तिच्यात घालायची जी खरी बॅटरी, ती 'सेल'. व्हायवाला सरांनी "बॅटरी म्हणजे काय?" असं विचारलं, तेव्हा "रात्री दारं धरायला नेतात ती" असं माझ्या तोंडून निघता निघता राहिलं. या लेखातही बॅटरी म्हणजे टॉर्चच. सरांनी माफ करावं!

तर गेल्या वर्षी आमच्या हॉस्टेलच्या दुसऱ्या मजल्यावर बॅटऱ्यांचं वेड शिरलं. कोणाला बाइकचं असतं, कोणाला क्रिकेटचं, आम्हाला हे. "मोबाइलला टॉर्च असताना ही भानगड कशाला?" असं विचारणाऱ्याला आम्ही खोलीत घेतच नव्हतो. रोज रात्री मेसवरून आलं की एकच वाद, कोणाची बॅटरी भारी?

पहिली उमेदवार आमच्या पार्टनरची. त्याच्या अमेरिकेतल्या भावाने पाठवलेली, टायटॅनियमची. तिकडे एकटा माणूस स्वतःच्या छोट्या वर्कशॉपमध्ये बसून अशा बॅटऱ्या घडवतो, प्रत्येकीवर नंबर घालतो आणि हौशी लोक त्यासाठी महिनोन्‌महिने थांबतात म्हणे. बोटाएवढी वस्तू, पण किंमत ऐकून आम्ही गप्पच झालो. आमचं दोन सेमिस्टरचं मेसबिल निघालं असतं राव! दुसरी, पाथर्डीकडच्या मित्राची. त्याच्या आजोबांची पितळी, वर निकेलचा मुलामा, तीन सेलची. मुलामा उडून आतलं पितळ दिसायला लागलेलं, काच एका कडेला टवका उडालेली. आणि तिसरी माझी, स्वतः केलेली.

हिच्यासाठी मी अडीच महिने वर्कशॉपमध्ये घालवले. अ‍ॅल्युमिनियमचा रॉड लेथवर लावला, फेसिंग केलं, आतून बोअर केला, आटे पाडले, पकड यावी म्हणून नर्लिंग केलं. दोन रॉड वाया गेले. एकदा आटे इतके ढिले झाले की शॉपमधले सर म्हणाले, "हे झाकण तर शिंकलं तरी उडेल." सेल जुन्या लॅपटॉपमधला, १८६५० नंबरचा, म्हणजे १८ मिलिमीटर जाड आणि ६५ मिलिमीटर लांब. एलईडी आणि तिचा ड्रायव्हर विकत आणला. आतलं सर्किट विकतचं असलं तरी देह मी घडवला होता, त्यामुळे माझी छाती फुगलेलीच.

फैसला गच्चीवर ठरला. मोबाइलमधलं लक्स मोजायचं अ‍ॅप दहा मीटरवर धरलं. हे अ‍ॅप काही लॅबचं मीटर नाही, पण तिघांना चूक सारखीच. लक्सला अंतराच्या वर्गाने गुणलं की कँडेला मिळतात. बॅटऱ्यांच्या २००९ सालच्या अमेरिकन स्टँडर्डप्रमाणे जिथे उजेड पाव लक्सवर, म्हणजे साधारण पौर्णिमेच्या चांदण्यावर येतो, तिथे बॅटरीची मजल संपली असं धरतात. गणित सोपं आहे, कँडेलाचं वर्गमूळ गुणिले दोन. माझी आली १२१ लक्स, म्हणजे १२१०० कँडेला, म्हणजे २२० मीटर! टायटॅनियम १६० वर थांबली, आजोबांची १२० वर.

शिवाय टायटॅनियमबाईंचं डोकं पाचच मिनिटांत तापलं. कारण पुस्तकात आहे. टायटॅनियमच्या मिश्रधातूची उष्णतावाहकता सात-आठच्या आसपास, अ‍ॅल्युमिनियमच्या मिश्रधातूची दीडशेच्या वर. एलईडीची उष्णता मागे अंगात जायला वाटच मिळत नाही. पार्टनर म्हणाला, "तू हातात धरून बघ, मग बोल." धरली. खरं सांगतो, तिचे आटे असे फिरत होते, जणू लोण्यातून सुरी. माझ्या झाकणाची मला लाज वाटली. पण आकडे माझ्या बाजूचे होते. पाथर्डीकर मात्र शेवटपर्यंत एकच म्हणत राहिला, "भावा, माझी मला आवडते." आम्ही हसलो. आवडणं हे काय युनिट आहे?

त्याच शनिवारी घोडेगावला उतरून सोनईची गाडी धरली. बॅटरी खिशात. ती अण्णांसाठीच केली होती.

ज्यांचं शेत नाही त्यांच्यासाठी सांगतो. शेतीपंपाची थ्री फेज लाइट पाळीने येते, काही दिवस दिवसा, काही दिवस रात्री. २०१७ साली सौर कृषी वाहिनीची योजना सुरू झाली ती दिवसा वीज मिळावी म्हणूनच, पण तेव्हा आमच्या फीडरला पाळी रात्रीची होती. रात्रीची लाइट म्हणजे बाराला उठायचं, मोटर चालू करायची आणि पहाटेपर्यंत उसाला पाणी भरायचं. एक सरी भरली की तिचं दार बंद करायचं, पुढचं फोडायचं. ऊस डोक्याच्या वर गेलेला, पायाखाली पाचट. पाचटात घोणस बसली तर पाचटच दिसते. बिबट्याचं तर नावच नको. आपल्याच जिल्ह्यात, अकोले तालुक्याच्या शेतीभागात कॅमेरे लावून केलेला अभ्यास २०१३ साली प्रसिद्ध झाला. त्यात दर शंभर चौरस किलोमीटरमागे सुमारे पाच मोठे बिबटे निघाले. जंगलात नाही, शेतात! म्हणून मला लांब फेकणारी बॅटरी करायची होती. बांधाच्या टोकाचे डोळे आधी चमकले पाहिजेत, एवढंच डोक्यात.

अण्णांनी ती हातात घेतली, वजन पाहिलं, उसाच्या टोकापर्यंत उजेड टाकला. "लई लांब जातीय रं." बस, मला डिग्री मिळाली! मी मोड समजावून सांगितले. एकदा दाबलं की फुल, अर्धं दाबलं की मिडियम, पुन्हा दाबलं की लुकलुकते. फुलवर पाऊण तास, मिडियमवर तीन तास. अण्णा "बरं बरं" म्हणाले. आता कळतं, ते "बरं बरं" म्हणजे "पोरगं सांगतंय तर सांगू दे" असं होतं.

रात्री ते गेले, मी झोपलो. तीनच्या सुमाराला आईने हलवलं. "अरे, मळ्यात उजेड दिसंना. मघाशी दिसत होता." अण्णांचा फोन मोटरच्या खोलीत चार्जिंगला असतो, तो वाजत राहिला. कोनाड्यातली जुनी दोन सेलची बॅटरी घेऊन मी पळालो. सेल उतरलेले, उजेड पिवळा, हळदीसारखा. लांब कारखान्याचे दिवे दिसत होते, पायाखालचं काही दिसत नव्हतं. हाका मारत बांधाने गेलो, तेव्हा "हिकडं हाय, सावकाश ये, पुढं विहीर हाय" असा आवाज आला.

अण्णा पाटाच्या कडेला बसले होते. आमच्या जुन्या विहिरीला कठडा नाही. ते बसले होते तिथून विहिरीचा काठ पाच-सहा हातांवर. माझी बॅटरी ते फुलवरच वापरत होते आणि परत येताना ती एकदम गेली. मंद नाही, लाल नाही, एकदम काळोख. इतका वेळ लख्ख उजेड पाहिलेल्या डोळ्यांना काहीच दिसेना. पाटाचं पाणी पायाने चाचपत ते आले आणि विहिरीतून पाझराचा आवाज जवळ वाटला तसे जागच्या जागी खाली बसले.

घरी येईपर्यंत ते काही बोलले नाहीत. दारात पाय धुताना एवढंच म्हणाले, "ही जुनी कशी, मरायला लागली की आधी पिवळी पडती. माणूस घराकडं वळतो. तुझी बत्ती सांगून मेली नाही."

मित्रांनो, मला त्या रात्री झोप आली नाही. कारण याचं उत्तर मला माहीत होतं! लिथियम सेल भरलेला असताना ४.२ व्होल्टला असतो, मग बराच वेळ सपाट चालतो आणि शेवटी कड्यावरून पडल्यासारखा खाली येतो. वरून ड्रायव्हर करंट कायम ठेवतो, म्हणून उजेड शेवटपर्यंत तसाच. सेल खराब होऊ नये म्हणून २.८ व्होल्टला तो सरळ बंद. मी सेलची काळजी घेतली होती, बापाची नाही. हाच ग्राफ मी जर्नलमध्ये काढला होता, त्यावर सरांची सही पण होती.

हॉस्टेलला येऊन ड्रायव्हर उपटला. इलेक्ट्रॉनिक्सच्या मित्राच्या पाया पडून आठ पायांचा अ‍ॅटटायनी-१३ बसवला. आता व्होल्टेज ३.४ झालं की उजेड अर्धा होतो. ३.२ झालं की दोनदा लुकलुकते आणि अगदी मंद होते. त्या मंद उजेडात ती टेबलावर चार तास जळली. मोड काढून टाकले, एकच बटण ठेवलं. निळसर पांढरी एलईडी काढून उबदार रंगाची लावली, त्यात पाचट आणि पाचटावरचं काही वेगळं कळतं. रिफ्लेक्टर बदलून झोत पसरट केला, कारण माणूस चालतो पायापुढच्या दहा फुटांत. मजल २२० वरून १३० मीटरवर आली.

गच्चीवर पुन्हा फैसला झाला. आकड्यांत मी हरलो, टायटॅनियमवाला नाचला. मी पाथर्डीकराला म्हटलं, "तुझी परत एकदा दाखव." त्याचे सेल उतरलेले होते. ती पिवळी, मग तांबूस होत गेली, आम्ही तिघंही बघत राहिलो. तो म्हणाला, "आजोबा याच उजेडात घरी यायचे." यावेळी कोणी हसलं नाही.

आता अण्णा माझी बॅटरी नेतात. पण जुनीही कमरेला असतेच. मी एकदा म्हटलं, "अण्णा, आता ही सांगून विझते, जुनी कशाला?" अभियांत्रिकीत याला रिडंडन्सी म्हणतात, त्यावर आम्हाला अख्खं एक युनिट आहे.

अण्णा म्हणाले, "असू दे."

– तृतीय वर्ष, यंत्र अभियांत्रिकी