बिनटपाची गाडी

संग्रामपूर तालुक्यात रविवार फक्त सरकारी नोकरांना असतो. बोंडअळी वार बघून येत नाही, आणि संत्र्याला पाणी द्यायचं ते ज्या रात्री लाइन असेल त्या रात्री. अशा मुलखात कुणी फक्त रविवारी चालवायला म्हणून गाडी घेतली, तीही जुनी आणि उघडीबोडकी, तर लोक आधी विचारतात, कोणतं वावर विकलं? मलाही विचारलं. पण सगळ्यात नेमका प्रश्न आईचा होता. ती ओट्यावरून उतरली, काठी टेकत गाडीभोवती फिरली, बाजूची मोकळी जागा हाताने चाचपून पाहिली आणि म्हणाली, "टप नाई, दरवाजे नाई. मंग इतले पैसे कायचे देल्ले रे?"

नसलेल्या टपाचेच दिले होते. पण हे आईला सांगायची सोय नव्हती.

विलायतेत या हौसेला एमजी आणि ट्रायम्फ आहेत. कापडी टप मागे दुमडायचा, डोक्यावर टोपी घालायची आणि गावाबाहेरच्या अरुंद रस्त्यांवर उगाच भटकून यायचं. आपल्याकडे त्या घराण्यातली एकच गाडी लोकांच्या ओळखीची झाली, ती मद्रासची स्टँडर्ड हेराल्ड. मूळची ट्रायम्फ, १९५९ची, मिकेलॉत्ती नावाच्या इटालियन माणसाने रेखाटलेली. खाली वेगळी चेसी आणि तिच्यावर बोल्टांनी बसवलेली बॉडी, त्यामुळे छप्पर काढून उघडी गाडी करणं कारखान्याला सोपं गेलं. १९६१पासून दहाएक वर्षं ती मद्रासला बनत होती. लहानपणी खामगावात एका डॉक्टरांकडे फिकट निळी हेराल्ड पाहिली होती, छपराची. तिचं बॉनेट मडगार्डांसकट पुढच्या बाजूला उलटं उघडायचं आणि पुढची चाकं, इंजिन सगळं एकदम उघड्यावर यायचं. आम्ही पोरं डॉक्टरांपेक्षा त्या बॉनेटला जास्त भ्यायचो. पुढे १९९८मध्ये सॅन मोटर्सने 'स्टॉर्म' नावाची दोन माणसांची उघडी गाडी काढली. फायबरची बॉडी, रेनॉचं ११४९ सीसीचं इंजिन. दिसायला देखणी होती, पण खपली नाही. ज्या देशात पाच माणसांच्या गाडीत आठ बसतात, तिथे दोघांची गाडी कोण घेणार?

आणि हेराल्ड मिळाली असती तरी आमच्या पांदीच्या पहिल्याच चाकोरीत तिचं पोट टेकलं असतं. विदर्भाची उघडी गाडी एकच, जीप.

या जीपचा वंश तपासायला गेलं तर तो थेट दुसऱ्या महायुद्धात पोचतो. कैलाशचंद्र महिंद्र युद्धकाळात हिंदुस्थान सरकारच्या खरेदीकामासाठी अमेरिकेत होते. तिथे विलिज कंपनीच्या बार्नी रूस या इंजिनिअरशी त्यांची ओळख झाली. २ ऑक्टोबर १९४५ला 'महिंद्र अँड मोहम्मद' ही कंपनी निघाली आणि स्वातंत्र्यानंतर मुंबईत विलिजच्या जीपा जुळवल्या जाऊ लागल्या. भागीदार गुलाम मोहम्मद तोवर पाकिस्तानचे पहिले अर्थमंत्री झाले होते, पुढे तर गव्हर्नर जनरल. पाटीवर मोहम्मदच्या जागी दुसरा महिंद्र आला तो १९४८मध्ये. फाळणीचा हिशेब करताना ही एक ओळ सहसा राहून जाते.

माझी गाडी त्या वंशातली सीजे-३बी, कागदावर १९७४ची, पेट्रोलची. हिचं बॉनेट जरा जास्तच उंच आहे, कारण हरिकेन इंजिनात आत घेणारे व्हॉल्व्ह वर हेडमध्ये आणि बाहेर टाकणारे खाली ब्लॉकमध्ये असतात. इंजिन उंच झालं म्हणून कंपनीने बॉनेट उचललं आणि गाडीला तो कपाळ वर चढवलेला, किंचित हट्टी चेहरा आला. अमेरिकेने १९६८मध्ये हे मॉडेल बंद केलं, आपण पुढे कितीतरी वर्षं बनवत राहिलो. पेट्रोलची टाकी चालकाच्या सीटखाली असते, ही गोष्ट मी घरात अजून सांगितलेली नाही. पुढची काच दोन खटके सोडले की बॉनेटवर आडवी होते. पहिल्या गियरला सिंक्रो नाही, त्यामुळे चालत्या गाडीत पहिला टाकायचा तर डबल क्लच मारावा लागतो, नाहीतर गियरबॉक्स साऱ्या चौकाला ऐकू जाईल असं खेकसतो.

अशा गाड्या मिळतात कुठे, हे लोक फार विचारतात. मिळतात. कुठे जिनिंगच्या मागे, कुठे गोठ्याच्या कडेला, कडब्याखाली. लष्कराच्या लिलावातून डिस्पोजलच्या येतात. हरियाणातलं डबवाली तर जीपा नव्याने बांधून देण्यासाठीच प्रसिद्ध आहे. पण बांधलेली जीप आणि टिकलेली जीप यांत फरक आहे. खेड्यात टिकलेल्या बहुतेक जिपांची पेट्रोल इंजिनं महागाईने काढून घेतली आणि जागी कुठलं तरी डिझेल बसवलं. आरसी बुकात मात्र पेट्रोलच. अशी गाडी हौसेने विकत घेतली की पहिल्या पासिंगलाच घाम फुटतो.

कायद्याची गंमत तर वेगळीच. केंद्राने २०२१मध्ये पन्नास वर्षांवरच्या, मूळ स्वरूपात राखलेल्या गाड्यांसाठी व्हिंटेजची खास नोंदणी आणली. नंबरात 'व्हीए' ही अक्षरं, नव्या नोंदणीला २०,००० रुपये, मुदत दहा वर्षं, नूतनीकरणाला ५,०००. माझी गाडी वयाने त्यात बसते. पण मग ती रोजच्या वापराला रस्त्यावर काढता येत नाही. प्रदर्शन, रॅली, तांत्रिक संशोधन, फार तर पेट्रोल आणि दुरुस्ती. म्हणजे अधिकृतपणे म्हातारी झाली की तिने वरवट बकालला भाजी आणायला जायचं नाही. मी तिला साधीच ठेवली. दर पाच वर्षांनी फेरनोंदणी, पर्यावरण कर, नवी नंबर प्लेट, हे सगळं आलंच. २०२५पासून वीस वर्षांवरच्या मोटारीच्या नूतनीकरणाचं शुल्क १०,००० रुपये झालं. पैसे जातात, पण भाजी आणता येते.

दुरुस्तीचं काम एका मिस्त्रीकडे आहे. त्याच्या वडिलांनी पंचायत समितीच्या जीपांचे पाटे बदलण्यात हयात घालवली, आणि यानेही पाना हातात घेतला तो जीपवरच. गाडी पहिल्यांदा त्याच्या झाडाखाली उभी केली तेव्हा त्याने इंजिनाकडे पाहिलंच नाही. रेडिएटरचं झाकण उघडलं, आत बोट घातलं आणि बोटाला लागलेला पांढरा थर मला दाखवला. "बोअरचं पाणी टाकलं होतं कोणं तरी. असंच टाकसान तं दिवाईलोक जाम होते हे. तुमी जे पेता ना भाऊ, तेच इले पाजा."

बाहेरच्या वाचकाला हे नुसतं मिस्त्रीचं बोलणं वाटेल. आमच्याकडे तो अख्खा भूगोल आहे. पूर्णेच्या दोन्ही काठांनी अकोला, अमरावती, बुलढाणा या तीन जिल्ह्यांत मिळून सुमारे ४,७०० चौरस किलोमीटरचा खारपाणपट्टा पसरलाय. संग्रामपूर तालुक्याचा दक्षिण भाग त्यातला. जमिनीखाली पाणी आहे, पण ते ना धड पिता येतं, ना पिकाला देता येतं. त्या पाण्याने किडन्या गेलेली माणसं या तालुक्यात गावोगाव आहेत. वाण धरणाचं पाणी पाइपाने यायला लागलं, गल्लोगल्ली जारवाले फिरायला लागले, तेव्हा कुठे थोडा जीव आला. म्हणून माझ्या गाडीत जारचं पाणी जातं. शेजारीण एकदा ते पाहून थांबली. काही बोलली नाही, आणि न बोलणंच मला जास्त लागलं. चैनीची वस्तू बाळगायची तर असं पाहून घेण्याची तयारी हवी.

पण याच पट्ट्याने मला उघड्या गाडीचं सुख दाखवलं. हिवाळ्यातल्या पहाटे पूर्णेच्या बाजूने, खिरोड्याच्या पुलाकडून निघावं आणि उत्तरेला सातपुड्याकडे तोंड करावं. काच आडवी, अंगात स्वेटर, कानाला मफलर. सुरुवातीला दोन्ही हातांना हरभरा. त्यावरच्या दवाला आंबट वास असतो. त्यात काळ्या मातीचा दमट, जड वास मिसळतो. विहिरी तुरळक, झाडं तुरळक, उजेड मात्र भरपूर. मग संग्रामपूर मागे पडतं, आणि कुठे तरी, बोट ठेवून दाखवता येणार नाही अशा जागी, हवा बदलते. थेट गालाला कळते. माती हलकी होते, विहिरी गोड होतात, मळे दाट होऊ लागतात आणि सोनाळ्याच्या अलीकडे संत्र्याच्या बागा लागतात. आंबिया बहार धरलेला असला तर त्या दिवसांत फुलांचा वास रस्त्यावर आडवा येतो. डोंगरावरून रात्री उतरलेली थंड हवा नाल्यानाल्यात साचून असते. उतारावर गाडी त्यात शिरते, गुडघे गारठतात, चढ लागला की पुन्हा ऊब. समोर सातपुडा आधी निळा, मग राखाडी, मग हिरवा आणि खरबरीत.

हा रस्ता मी एसी गाडीतूनही केला आहे. त्यात एक खारट गाव आणि एक गोड गाव यांच्यामध्ये फक्त अंतर असतं, काचेआड वास पोचत नाही. नकाशावर खारपाणपट्ट्याची रेघ आहे, अहवालांत तिचे आकडे आहेत, पण ती ओलांडताना नाकाला कळावी यासाठी गाडीला छप्पर नसणं हीच काय ती सोय.

दुसरी गोष्ट मला घेताना ठाऊक नव्हती. उघड्या गाडीत माणूस गावाच्या मालकीचा होतो. बंद गाडीला लोक हात दाखवतात, उघडीला दाखवतही नाहीत, सरळ मागून चढतात. फाट्यावर वेग कमी केला की पाट्यांवर वजन पडल्याचं जाणवतं. वळून पाहावं तर एक आजोबा, एक बोचकं आणि दोन शाळकरी पोरं मागच्या फळीवर बसलेली. "टुनकीलोक सोडा." विचारलेलं नसतं, कळवलेलं असतं. म्हाताऱ्यांच्या मनात जीप अजून सरकारचीच आहे. हिवतापाची फवारणी जीपमधून आली, देवी काढणारे जीपमधून आले, सोसायटीची वसुली आणि निवडणुकीचा भोंगाही जीपमधूनच आला. एका पारावरून मला कुणीतरी ओरडून विचारलं होतं, "कोण्या पार्टीचे?" मी कुठल्याच नाही म्हटल्यावर त्या पाराचा माझ्यातला रस संपला.

काळी-पिवळीवाल्यांना माझा राग येईल अशी भीती होती. आला नाही. माझी गाडी कधी बंद पडेल याचा भरवसा नसल्याने त्यांनी मला स्पर्धक मानलंच नाही.

अंबाबरवा अभयारण्य आमच्याच तालुक्यात आहे, १२७ चौरस किलोमीटरचं, १९९७मध्ये जाहीर झालेलं, मेळघाट व्याघ्र प्रकल्पाचा भाग. उघडी जीप पाहिली की पाहुणे म्हणतात, चला वाघ पाहू. तिथे आपली हौसेची गाडी घालायची नसते. परवाना, नोंदलेली सफारीची गाडी, वाटाड्या, सगळं रीतसर असतं. शिवाय माझ्या सायलेन्सरचा आवाज ऐकून वाघ थेट मध्य प्रदेशात जाईल. आम्ही कुंपणाबाहेरच्या रस्त्याने जातो, वारी गावी हनुमानाचं दर्शन घेतो, धरणाचं पाणी पाहतो आणि परततो. चहा प्यायचा असतो तो वाटेत.

वर्षातले किती महिने ही गाडी खरी चालते, हेही सांगितलं पाहिजे. मार्च संपला की सीटच्या रेक्झिनवर बसवत नाही, पारा चव्वेचाळीसवर गेला की स्टेअरिंगला फडकं गुंडाळावं लागतं. पावसाळ्यात काळी माती चाकात अशी बसते की फोर व्हील टाकूनही गाडी जागच्या जागी गुरगुरते, आणि ताडपत्रीचा टप लावला तरी पाणी नेमकं मानेवर गळतं. कापसाच्या हंगामात घरी येते तेव्हा बॉनेटच्या फटींत कापूस अडकलेला असतो. हिशेब केला तर ही गाडी दिवाळी ते होळी एवढीच. म्हणून हिशेब करत नाही.

नवी थार २ ऑक्टोबर २०२०ला बाजारात आली, तिचीही कापडी टपाची गाडी निघाली होती. आत एसी आहे, चालू करता येणारं सगळं आहे. ज्यांना रस्त्यात उभं राहायचं नाही त्यांनी तीच घ्यावी, मी कमी लेखणार नाही.

ज्यांना हीच हवी असेल त्यांनी मात्र दिवाळीच्या आधी घाईने घेऊ नये, तेव्हा भाव चढलेले असतात. भर उन्हाळ्यात घ्यावी, विकणाराही वैतागलेला असतो. रंग पाहू नये. चेसी नंबर स्वतः चिंधीने पुसून वाचावा आणि आरसी बुकाशी अक्षर न् अक्षर ताडून पाहावा. इंजिन नंबर आणि इंधनाचा रकानाही पाहावा. चेसीला स्क्रू ड्रायव्हरने टोचून बघावं, गंज खाल्लेली असेल तर तो आत शिरतो, मग व्यवहार सोडून द्यावा. आता पेट्रोलमध्ये वीस टक्के इथेनॉल असतं, त्यात जुने रबरी पाइप टिकत नाहीत, ते आल्या आल्या बदलावेत. आणि आमच्या भागातली गाडी असेल तर पैसे देण्याआधी रेडिएटरचं झाकण उघडून आत बोट घालून पाहावं.