मलिद्याचे ताट

मिठागर खात्यातील कारकुनीमुळे माझे बिऱ्हाड काही वर्षे अलिबागेस इस्राएल आळीलगत होते, आणि ज्यांचे पूर्वज तेलाचा घाणा चालवीत व शब्बाथामुळे तो शनिवारी बंद ठेवीत, म्हणून कोकणाने ज्यांस ‘शनिवार तेली’ हे नाव दिले, त्या बेने इस्राएल समाजातील एक कुटुंब भिंतीला भिंत लावून राहत होते. 1950 च्या सुमारास त्या घरचा थोरला नातू कायमचा इस्राएलास जावयास निघाला, तेव्हा आजींनी एलियाहू हन्नाबी या संदेष्ट्याला नवसाने बोललेला मलिदा केला आणि माझ्या आईस व मला अगत्याचे बोलावणे आले.

पाटावर पांढरी चादर, तीवर परात. परातीत भिजवलेल्या पोह्यांत साखर, ओले खोबरे, वेलदोडा आणि बेदाणे कालवलेले, भोवती खजूर, केळी व इतर फळे, आणि सुवासासाठी सब्जाची डहाळी, जिला आईने मनोमन तुळशीतच जमा धरले असावे. हझ्झानांनी, म्हणजे प्रार्थना चालवणाऱ्यांनी, खजूर उचलून एक बेराखा, म्हणजे आशीर्वचन, म्हटली, केळ्यास मात्र निराळी. कारण त्यांच्या शास्त्रात केळे हे झाडाचे फळ नसून भूमीचे फळ होय. घड उतरला की केळीचा खांब तोडावाच लागतो हे जाणणाऱ्या कोकणी माणसास या वर्गीकरणाचे नवल वाटू नये.

वाद उद्भवला तो वाटपाच्या वेळी. आईच्या ओंजळीत मलिदा घालताना आजी म्हणाल्या, “सांडू नका हो, बेराखा झालेली वस्तू आहे, पवित्र.” आईने तो डोळ्यांस लावला. नातू, ज्याने मुंबईस अलीकडेच हिब्रूचा अभ्यास केला होता, अवघडून म्हणाला, “आजी, बेराखा खजुराला नसते, खजूर देणाऱ्याला असते. खजूर होता तसाच आहे.”

“मग एवढा वेळ डोकं झाकून उभे कशाला होतो?”

हझ्झानांनी जे सांगितले ते दोघांसही गैरसोयीचे होते. स्तोत्रांत एके ठिकाणी पृथ्वी देवाची म्हटली आहे, तर दुसरीकडे ती मनुष्यास दिल्याचे म्हटले आहे. तालमुदकारांनी हा विरोध असा मिटवला की पहिले वचन बेराखेपूर्वीचे आणि दुसरे नंतरचे. अर्थात अन्न आधीच देवाच्या मालकीचे असते, बेराखेवाचून ते खाणे म्हणजे देवस्वाचा अपहार, आणि बेराखेने ते पवित्र होत नसून उलट मनुष्याच्या हवाली होते.

हा युक्तिवाद मला मात्र तत्काळ पटला, कारण 1947 साली मिठावरचा कर उठेपर्यंत माझी हयात त्याच कामात गेली होती: आगरातली रास डोळ्यांसमोर पडलेली, पण कर भरून परवाना निघाल्यावाचून त्यातले एक पोते हलवण्याची कोणाची प्राज्ञा नव्हती, आणि परवान्याने मिठाची चव बदलल्याचेही कधी ऐकिवात नव्हते. आमच्या नैवेद्याचा प्रवास नेमका उलटा. ताटाभोवती पाणी फिरवून, तुळशीपत्र ठेवून आम्ही साधे अन्न देवाकडे पाठवतो आणि ते प्रसाद होऊन परतते. त्यांचे अन्न वरून सुटून येते, आमचे वर जाऊन येते. हाती पडते ते केळेच. मी हे उत्साहाने बोलून दाखवले, त्यावर आजी म्हणाल्या, “तुमच्या मिठाला कुणी नवस केला होता का?” मला उत्तर सुचले नाही.

घरी आल्यावर आईने पदरातले केळे काढले, देव्हाऱ्यापाशी नेले आणि तिथेच थबकली.

“एका देवापुढे ठेवून झालंय. आपल्या देवांना उष्टं कसं दाखवू?”

“आई, हझ्झान म्हणाले ना, ते आता माणसाचंच झालंय.”

“तू गप्प बस,” ती म्हणाली, केळ्याचे दोन तुकडे केले, मोठा मला दिला, आणि साल उकिरड्यावर न टाकता तुळशीच्या मुळाशी नेऊन पुरली.