पैनगंगेच्या पलीकडचा देश

लाँग ड्राईव्हला निघताना आपण गाडीत काय काय भरतो? पाण्याच्या बाटल्या, चिप्स, चार्जर. गेल्या श्रावणात मी मात्र आजीला घेतलं. नांदेडहून वारंगा फाटा, हदगाव करत उमरखेडच्या रस्त्याला लागलो. पैनगंगेचा पूल आला आणि आजी म्हणाली, ‘‘थांबव रे गाडी. इथून पुढं दुसरा देश होता.’’

म्हटलं, ऐंशी पार केलेल्या आजीची काहीतरी गफलत होतेय. पण नाही बॉस! 15 ऑगस्ट 1947 ला देश स्वतंत्र झाला तेव्हा नांदेड आणि लातूर भारतात नव्हतेच. ते होते हैदराबाद संस्थानात, आणि निजामाला वेगळं राहायचं होतं. सुमारे 82 हजार चौरस मैलांचा मुलूख, चारी बाजूंनी भारत, समुद्र कुठेच नाही. तब्बल 13 महिने ही सगळी हद्द म्हणजे जवळजवळ इंटरनॅशनल बॉर्डरच!

रेघ तशी जुनीच. 1853 मध्ये वऱ्हाडचा कारभार इंग्रजांकडे गेला आणि नदीच्या उत्तरेला इंग्रजी अंमल, दक्षिणेला ‘मोगलाई’ अशी वाटणी झाली. मोगलाईत हाली सिक्का चालायचा. 7 हाली रुपये म्हणजे 6 कलदार. माल न्यायचा तर करोडगिरीचा नाका. लातूरकर तर चक्क रेल्वेनं हद्द ओलांडायचे. 1911 मध्ये लातूरला पोचलेली बार्शी लाइट रेल्वे इंग्रजी मुलखातून निजामाच्या मुलखात यायची.

मग रझाकारांची दहशत वाढली आणि हीच रेघ जीव वाचवण्याची वाट झाली. पलीकडे उमरखेडला स्वातंत्र्यसैनिकांचा कॅम्प होता. जानेवारी 1948 मध्ये उमरीची बँक लुटून लढ्यासाठीचा पैसा तिथेच नेला गेला. त्याच वर्षीच्या उन्हाळ्यात सहा वर्षांची आजी वडिलांच्या खांद्यावर बसून रात्री ही नदी पार झाली. ‘‘पाणी गुडघ्याएवढंच होतं. पण मी रडू नये म्हणून बाबांनी तोंड दाबून धरलं होतं,’’ ती म्हणाली. आणि घर? ‘‘परत आलो तेव्हा भिंती होत्या, दारं नव्हती.’’

13 सप्टेंबर 1948 ला भारतीय फौजा शिरल्या, 17 तारखेला निजाम शरण आला. 1956 मध्ये मराठवाडा मुंबई राज्यात आणि 1960 मध्ये महाराष्ट्रात आला. आज पुलाच्या दोन्ही टोकांना महाराष्ट्रच. ना नाका, ना पाटी. आपण ऐंशीच्या स्पीडनं निघून जातो.

तेव्हा यंदा पावसाळ्यात इस्लापूरजवळच्या सहस्रकुंड धबधब्याला जरूर जा. एकदम झकास स्पॉट! समोरचा काठ एकेकाळी परदेश होता, हे आठवून बघा. आणि गाडीत एक सीट आजी-आजोबांसाठी ठेवा. ही बॉर्डर कुठं होती ते सांगणारी माणसं आता फार थोडी उरलीयत.